दोन पोती कोळसा आणि दोरीवरच्या चिंध्या

सोलापूरहून येताना लोक चादरी आणतात, शेंगाचटणी आणतात. जाताना काय न्यावं हे मात्र कुणी ठरवून दिलेलं नाही. मी दोन पोती कोळसा नेला.

त्याचं असं झालं. माझी बायको सुलभा कुर्डुवाडीची. तिची धाकटी बहीण मंगल सोलापुरात दिली आहे. मंगलचा नवरा भीमराव, म्हणजे माझे साडू, टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात रंगमास्तर आहेत. बोलायला कमी. वर्षातून दोनदा त्यांचा फोन येतो, दिवाळीला आणि आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला. दुसरा फोन मी तारीख विसरू नये म्हणून असतो. त्यामुळे फाल्गुनात मधेच त्यांचा फोन आला तेव्हा मी जरा दचकलोच.

"साडूभाऊ, तुमच्याकडं करवंट्या लई असतील की?"

गुहागरच्या माणसाला हा प्रश्न! आमच्या परसात नारळाच्या करवंट्यांचा ढीग असतो, त्यावर मांजर विते. मी म्हटलं, "किती ट्रक पाठवू?"

ते हसले नाहीत. मग त्यांनी सावकाश सांगितलं ते असं. सूत रंगवून झालं की उरलेलं पाणी रंगीत असतं. ते तुरटी-चुन्यानं निवळवायचं, वाळूतून गाळायचं, आणि तरीही त्यात जो विरघळलेला रंग राहतो तो धरायला शेवटी काळ्या दाण्यांच्या टाकीतून सोडायचं. हे दाणे करवंटीच्या कोळशापासूनच करतात. टाकीतले दाणे थोडे कमी झालेत, भर घालायची आहे, नवा माल मागवायला अजून वेळ आहे, आणि करवंट्या मिळाल्या तर तेवढ्यापुरते दाणे करून घेता येतील.

"करवंटीचा कोळसा ना? मी घेऊन येतो!"

सुलभा शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, "आधी नीट विचारा तरी, कसला कोळसा."

"कोळसा म्हणजे कोळसा. त्यात विचारायचं काय?"

हे वाक्य तिनं नंतर मला किमान तीस वेळा ऐकवलं आहे.

चार दिवस मी परसात खड्डा करून करवंट्या जाळत होतो. शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले सांडगे धुरकटले. माझ्या भुवया अर्ध्या गेल्या. पण दोन पोती भरली, तोंडं शिवली, आणि आम्ही दोघं एसटीत बसलो. प्रवासाचं काही सांगत नाही. कंडक्टर काय म्हणाला तेही सांगत नाही.

पहिला दिवस : भवानी पेठ

भीमरावांचं घर भवानी पेठेत, अरुंद बोळात. बोळात शिरल्यापासून दोन्ही अंगांनी मागांची खटखट चालू असते. एका दारातून तेलुगू ऐकू येतं, पुढच्या दारातून दखनी, आणि तिसऱ्या दारात कुणीतरी मराठीतून दोघांनाही गप्प बसवत असतं. मी पाठीवर एक पोतं घेऊन आणि दुसरं ओढत चाललो होतो. एक आजीबाई उंबऱ्यावर बसून सुताची लडी सोडवत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, आणि आत हाक मारली, "इस्त्रीवाल्याचा कोळसा आला गं!"

मंगलनं दारातच पाण्याचा तांब्या पुढं केला. मी अर्धा तांब्या प्यालो आणि उरलेलं पाणी, आमच्याकडे करतात तसं, मनगटाला एक झटका देऊन पायरीखाली फेकलं.

बोळ एकदम गप्प झाला. माग चालूच होते, पण माणसं गप्प झाली. लडी सोडवणाऱ्या आजी उठून उभ्या राहिल्या.

"दाजी," मंगल हळूच म्हणाली, "पाणी परवा आलंय. आता चार दिवसांनी यील."

पायरीवरचा ओला डाग आमच्या डोळ्यांदेखत वाळला. फाल्गुनात सोलापूरच्या उन्हाला तेवढा वेळ पुरतो. माझ्या घरची विहीर मला आठवली. पावसाळ्यात ती इतकी भरते की वाकून तांब्यानं पाणी घेता येतं, आणि पाणी जास्त झालं म्हणून आम्ही कुरकुरतो. त्यानंतर सोलापुरात होतो तितके दिवस मी तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा करत होतो. त्यामुळे दर तासाला मला मागच्या दाराला जावं लागे, आणि तिथंही पाणी लागतंच, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांगं, दही आणि शेंगाचटणी होती. चटणी अशी कुटलेली की तेल आपसूक सुटलेलं. मी चौथी भाकरी मागितली तेव्हा भीमराव उठून हात धुवायला गेले होते. तेवढ्यात मंगल सुलभाला म्हणाली, "ताई, ह्यांचं जेवणावरचं मन उडालंय बघ. दीड महिना झाला. वहिनी पाणी दीनात."

वहिनी म्हणजे शेवंतावहिनी, भीमरावांच्या थोरल्या भावाची बायको. भीमराव लहान असतानाच आईवडील गेले. अण्णांनी, म्हणजे त्या भावानं, आणि वहिनींनी त्यांना वाढवलं. कुंभारीच्या अलीकडे त्यांचा जमिनीचा तुकडा, पाचपंचवीस शेळ्या आणि एक विहीर. तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. वहिनी एकट्याच तिथं राहतात. शेताच्या कडेनं जो नाला जातो तो भीमरावांच्या कारखान्यामागून येतो.

मागच्या वर्षी विहिरीचं पाणी तांबूस दिसायला लागलं. शेळ्या पाण्याच्या डोणीपाशी जायच्या, हुंगायच्या आणि मागं सरायच्या. वहिनी कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. भीमरावांनी मालकाच्या मागं लागून ती काळ्या दाण्यांची टाकी बसवून घेतली, आणि पाच महिने नाल्याला रंग नव्हता. मग दीड महिन्यापूर्वी पुन्हा आला. वहिनींनी बोलावून घेतलं. भीमराव गेले आणि म्हणाले, "आमचं पानी न्हाय वहिनी. दुसऱ्या कुणाचं तरी आसंल. अण्णाची शपत."

"मग?" सुलभानं विचारलं.

"वहिनींनी ह्यांच्याम्होरं तांब्या ठेवला हुता. तो उचलला आणि आत नेला. ह्यांच्या देखत."

मी चौथी भाकरी अर्धी ठेवली.

दुसरा दिवस : तीन बरण्या

कारखाना शहराच्या कडेला. आत शिरलं की वाफ, सोड्याचा वास, आणि दांड्यांवर लोंबणाऱ्या ओल्या सुताच्या लडी. त्या दिवशी गुलाबी रंगाचं काम चालू होतं. भीमराव घरात असतात तेव्हा कुठं बसावं हे त्यांना समजत नाही. इथं मात्र ते वेगळाच माणूस होते. एका कामगारानं लडीचं टोक पुढं केलं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही.

"वाळव आदी. ओल्यात रंग फसवतोय."

हा त्यांचा नियम. ओल्या सुतावर कधी मत द्यायचं नाही. रंग पक्का आहे का हे बघायला लडीला पांढरी चिंधी बांधून धुवायची, चिंधी वाळवायची, आणि मग चिंधी काय सांगते ते ऐकायचं. चाळीस वर्षं ते हे करताहेत. एकमेकींच्या अगदी जवळच्या अशा सात गुलाबी छटा त्यांनी मला दाखवल्या. मला दोन दिसल्या.

मालक नरसय्या म्हणून वयस्कर गृहस्थ, खुर्चीवर बसून चहा पीत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो. उठलो तेव्हा समजलं की मी गठ्ठ्यावर हात टेकला होता, गठ्ठा पांढऱ्याशुभ्र टॉवेलांचा होता, आणि माझा हात पोत्यावरून आलेला होता. वरच्या टॉवेलावर पाच बोटं उमटली होती. अंगठ्यासकट, स्पष्ट.

"पक्का रंग," नरसय्या म्हणाले. "मास्तर, तुमच्या पाव्हण्याला कामाला घ्या की."

तो टॉवेल भीमरावांनी घडी घालून बाजूला ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरी गोष्ट पुढंच होती.

मी पोत्याचं तोंड सोडलं. भीमरावांनी मूठभर कोळसा घेतला, बोटांत चुरला, आणि त्यांचा चेहरा जरा पडला. मग त्यांनी फळीवरून एक लहान डबा काढला. टाकी भरली तेव्हा बाजूला काढून ठेवलेले दाणे त्यात होते. बारीक, एकसारखे, हातात घेतले तर करकरीत.

"ह्ये बी करवंटीचंच," ते म्हणाले. "पण कोळसा करून थांबत न्हाईत. भट्टीत लाल करून वाफ सोडत्यात. मग दान्याला आतनं भोकं पडत्यात, डोळ्याला न दिसनारी. रंग त्या भोकांत जाऊन बसतो."

मला लगेच आंबोळी आठवली. तेच पीठ, तोच तवा. पण पीठ आंबलेलं असेल तर जाळी पडते आणि रस्सा आत मुरतो, नाहीतर रस्सा वरून ओघळून जातो. मी दोन पोती न आंबलेलं पीठ घेऊन तीन जिल्हे ओलांडले होते.

"बघू तर खरं," भीमराव माझी समजूत काढायला म्हणाले. त्यांनी काचेच्या तीन बरण्या आणवल्या. तिन्हींत टाकीच्या आधीचं, निवळवलेलं पण गुलाबी पाणी भरलं. एकीत डब्यातले नवे दाणे टाकले. दाणे पाण्यात पडताच चुरचुर असा आवाज आला, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. बारीक बुडबुडे निघाले आणि दाणे तळाला गेले. दुसरीत माझा कोळसा. तो तरंगत राहिला.

"आणि तिसरी?"

"टाकीत जे हाय ते. बघायला नगो का, भर घालायची म्हनल्यावर?"

त्यांनी टाकीतून पळीभर दाणे काढले. मग सहज सांगितलं, सांगताना थोडा अभिमानही होता, की पावणेदोन महिन्यांपूर्वी हे दाणे बदलायची वेळ आली होती. पुरवठा करणारा म्हणाला होता, जुना माल परत द्या, आम्ही भट्टीतनं काढू, नवा घ्या. पण भीमरावांना ते पटलं नाही. कापडातला सुटणारा रंग गरम पाण्यात सुटतो, हे त्यांना चाळीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक. म्हणून त्यांनी सगळे दाणे उकळत्या सोड्याच्या पाण्यात दोनदा धुतले, आणि कारखान्याच्या गच्चीवर चार दिवस उन्हात वाळवले.

"ऊन सोलापूरचं," ते म्हणाले. "ह्या उन्हात काय वाळत न्हाय? नव्यावानी निघालं. फेकवंना मला."

आम्ही बरण्या खिडकीत ठेवल्या, त्या मधूनमधून हलवायला एका बाईंना सांगितलं आणि चहाला गेलो. नरसय्यांनी मला गुजराण कशावर चालते ते विचारलं. मी छोटं किराणा दुकान सांगितलं. ते म्हणाले, "कोळसा पण ठेवता?" मी चहात तोंड घातलं.

दोन तासांनी आम्ही परत आलो. पहिल्या बरणीतलं पाणी असं झालं होतं की पलीकडची खिडकीची जाळी दिसत होती. दुसरी, म्हणजे माझी, होती तशी गुलाबी. आणि तिसरीही गुलाबी. माझ्याइतकीच. एका रांगेत दोघी बहिणींसारख्या.

मला वाटलं विनोद करायची हीच वेळ. "चला भीमराव, निदान माझा कोळसा तुमच्या दाण्यांच्या तोडीचा निघाला!"

त्यांनी तिसरी बरणी उचलली, उजेडाकडे धरली. खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग बरणीत बोटं घालून चार दाणे काढले आणि तळहातावर घेऊन बघत राहिले. शेजारी डब्यातले नवे चार दाणे ठेवले. मीही वाकून पाहिलं. दोन्ही काळे. एकसारखे काळे.

गुलाबीच्या सात छटा ओळखणारा तो माणूस त्या आठ दाण्यांत भरलेला कुठला आणि रिकामा कुठला हे सांगू शकत नव्हता. काळ्यावर कुठलाच रंग दिसत नाही. उन्हानं फक्त पाणी गेलं होतं. रंग भोकांत बसला तो बसलाच.

"म्हंजे आमचंच," ते अगदी हळू म्हणाले.

मला आधी कळलं नाही.

"नाल्याचं पानी, साडूभाऊ. आमचंच हुतं. आन मी अण्णाची शपत घेतली."

ते उठले, नरसय्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि काय झालं ते उभ्या उभ्या सांगितलं. माझी मान खाली. नरसय्या बराच वेळ टेबलावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही वाळवलं. मी पण पाहिलं वाळताना. मी म्हणलं, मास्तरला समजतंय. माल मागवतो." भीमराव म्हणाले, "तवर पानी सोडायचं न्हाय." नरसय्यांनी सुताच्या लडींकडे पाहिलं, एक निःश्वास सोडला आणि मान हलवली. संध्याकाळच्या आत रंगाची भांडी थांबली. वाफ विरत गेली तेव्हा आत किती मोठी जागा आहे ते दिसलं.

तिसरा दिवस : कुंभारी

सकाळी मी भीमरावांना शहाणपणाचा सल्ला दिला. माझ्याकडे असे सल्ले भरपूर असतात. म्हटलं, नवा माल येऊ दे, टाकी भरू दे, पाणी स्वच्छ होऊ दे, आणि मग वहिनींना नेऊन दाखवा. चांगली बातमी पुढं, चूक मागं. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.

भीमराव डोक्याला टोपी घालत होते. "मागल्या टायमाला बी मी आमचं चांगलं तेवढंच सांगितलं हुतं," एवढंच ते म्हणाले.

आम्ही चौघं निघालो. भीमरावांनी माझा तो पाच बोटांचा टॉवेल पिशवीत घेतला. का, ते मी विचारलं नाही. मंगलनं माझ्या कोळशाचं अर्धं पोतं रिक्षात चढवलं. म्हणाली, वहिनींच्या शेगडीला होईल. माझा माल शेवटी शेगडीला लागला.

शेवंतावहिनींचं घर दोन खोल्यांचं, पुढं लिंब. त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. सडपातळ, उन्हानं रापलेल्या, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली. आम्हाला पाहून त्यांनी हात धुतले आणि आतून दोन तांबे आणले. एक सुलभाला, एक मला. मंगलला पेला दिला. भीमरावांना काही नाही. ते शेळ्यांच्या दावणीपाशी उभे होते, परक्यासारखे.

"प्या की पाव्हनं. वरच्या वस्तीवरनं आनलंय, हिरीचं न्हाय."

मी प्यायलो. एवढं जड पाणी मी आयुष्यात प्यायलो नाही.

विहिरीच्या रहाटाच्या दोन खांबांना एक दोरी बांधलेली होती. तिच्यावर पांढऱ्या कापडाच्या बोटभर रुंद चिंध्या, एकीशेजारी एक, गाठी मारलेल्या. दर सोमवारी वहिनी एक चिंधी नाल्यात बुडवतात, लिंबाखाली वाळवतात आणि दोरीला बांधतात. हे त्यांना शिकवलं भीमरावांनीच. नवीन नवीन कामाला लागले होते, घरी येऊन मोठ्या तोऱ्यात वहिनींना चिंधी कशी बांधतात, कशी वाळवून बघतात ते दाखवायचे. त्या तेव्हा हसायच्या म्हणे.

मी दोरीच्या एका टोकापासून चालत गेलो. पहिल्या चिंध्या तांबूस, जांभळट, एक निळी. मग पांढऱ्या. एकामागून एक पांढऱ्या, पाच महिन्यांच्या. शेवटी सात चिंध्या. पहिली कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, पुढची तिच्याहून गडद, आणि सातवी कालच्या बरणीसारखी.

भीमराव माझ्यामागून तेच बघत येत होते. सातवीपाशी ते थांबले.

"वहिनी."

त्या पाला टाकत राहिल्या.

"ते पानी आमचंच हुतं. दाने बदलायचं ते मी बदललं न्हाईत. धुतलं, वाळवलं, पुन्ना घातलं. मला वाटलं साफ झालं. झालं नव्हतं." ते थांबले. "मला ठाव नव्हतं, पर शपत घेताना मी तपासलं बी न्हवतं. अण्णाचं नाव घ्याया नगो हुतं."

शेळ्यांच्या खाण्याचा करकर आवाज येत होता. सुलभानं माझा हात धरला होता, बहुधा मी मधे काही बोलू नये म्हणून.

वहिनी दोरीपाशी आल्या. "ही पयली," त्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या चिंधीला बोट लावून म्हणाल्या. "ही वाळली तवाच मला कळलं. तुला का कळलं न्हाय रे भीमा? रंगाचं तुला माज्यापरीस जास्त कळतंय की."

"मी बघितलंच न्हाय."

"व्हय. त्येच म्हनते मी." त्यांचा आवाज चढला नाही. "माजी हिर बुजली तर मी हंडं आनीन. शेरडं इकीन. पर तू बघितलं न्हायस आन म्हनालास, आमचं न्हाय."

भीमरावांनी टोपी काढली आणि हातात घेऊन उभे राहिले. साठीला आलेला माणूस, पण उभे होते एखाद्या शाळेतल्या पोरासारखे. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला. तेव्हा मला कळलं तो का आणला होता. त्यांनी माझ्या पाच बोटांचा भाग सोडून बाकीचा टॉवेल काठापासून फाडायला घेतला. एक पट्टी, दुसरी, तिसरी. टर्र असा आवाज होत होता. पट्ट्यांची जुडी त्यांनी वहिनींपुढं धरली.

"नवा माल आला की दर सोमवारी तुमी बघा. मी खोटं बोलनार न्हाय."

वहिनींनी जुडी घेतली नाही.

"मी कशाला बघू? नाल्यात यायच्या आदी पानी तुज्या टाकीतनं येतंय. तू बुडीव. तू वाळीव. आन दर सोमवारी हितं घिऊन ये. पांढरी आसू दे, रंगीत आसू दे. तुज्या हातानं बांध दोरीला."

एवढं बोलून त्या शेगडी पेटवायला आत गेल्या. माझा कोळसा, एवढंच सांगतो, अप्रतिम पेटतो. त्यावर भाजलेली भाकरी टम्म फुगली. आम्ही तिघं जेवलो. भीमरावांना ताट होतं, तांब्या नव्हता. त्यांनी भाकरी कोरडी खाल्ली आणि एकदाही ठसका लागू दिला नाही.

निघताना मी विहिरीत डोकावलो. पाणी खोल, तांबूस, माझा चेहरा त्यात ओळखू येईल असा पण आपला न वाटणारा. नाला स्वच्छ झाला तरी ही विहीर किती पावसाळे घेईल, ते तिथं कुणालाच सांगता येत नव्हतं.

चौथा दिवस

नवा माल आला. जुना पोत्यांत भरून, त्यावर चिठ्ठी लावून, भट्टीकडे परत गेला. टाकी भरायला मी मदत केली. म्हणजे मी शिडी धरली आणि सगळ्यांत जास्त काळा मी झालो. भीमरावांनी आधी साधं पाणी सोडलं, दाण्यांचा भुगा धुऊन काढला. मग कान टाकीला लावून उभे राहिले. आतून चुरचुर ऐकू येत होतं, हजारो बारीक तोंडं उघडल्यासारखं. त्यांनी मलाही कान लावायला सांगितलं. कानाचा काळा ठसा टाकीवर राहिला. तो आणि टॉवेलावरची पाच बोटं एवढी माझी सोलापुरातली कामगिरी.

परत

गुहागरला आल्यावर मी पहिल्या दिवशी विहिरीवर गेलो, तांब्या भरून घेतला, आणि अर्धा प्यालो. उरलेला हातात घेऊन उभा होतो. सुलभा खिडकीतून बघत होती. तो मी अळवाला घातला. ती काही बोलली नाही, हे मी मोठं प्रशस्तिपत्रक समजतो.

दर सोमवारी भीमरावांचा फोन येऊ लागला. पूर्वी वर्षातून दोनदा करणारा माणूस! बोलणं तेवढंच. "पांढरी." दुसऱ्या सोमवारी "पांढरी." कुंभारीला गेलो, दोरीला बांधली, आलो. मी विचारायचो, "वहिनी?" ते म्हणायचे, "ताट दित्यात." तांब्याचं मी विचारत नसे, तेही सांगत नसत. दहा सोमवार असे गेले.

अकराव्या सोमवारी फोन यायला उशीर झाला. आला तेव्हा आवाज बसलेला होता.

"साडूभाऊ, चिंधी वाळली सकाळी. ओली हुती तवा पांढरीच दिसत हुती. वाळल्यावर बघितलं, तर काठाला जरासा रंग. लई थोडा. नरसय्या म्हनले, मला तर दिसंना. नाल्यात तर कुनालाच दिसला नसता."

"मग?"

"टाकी बंद केली. माल सांगितला. आन चिंधी घिऊन गेलो कुंभारीला."

सुलभा जवळ येऊन फोनला कान लावून उभी राहिली.

"वहिनी म्हनल्या, पांढरी हाय की. मी म्हनलं, न्हाय वहिनी, उजेडात धरा. काठाला बघा. त्यांनी धरली. लई येळ बघत हुत्या. मग मीच बांधली दोरीला, पांढऱ्यांच्या पुढं."

फोनमधून मागाची खटखट ऐकू येत होती.

"आन?" सुलभानं विचारलं.

"आन त्या आत गेल्या," भीमराव म्हणाले, "आन तांब्या भरून आनला. माज्याम्होरं ठेवला. म्हनल्या, ऊन लई हाय, पी आदी."